'भावेश जोशी सुपरहिरो' : प्रेक्षक नेमके कशावर रागावले?



मागच्या व्याख्यानात ह्यूम अर्धाच राहिला. घड्याळ पुढे पळालं आणि पिंपाची गोष्ट सांगायची राहून गेली. ती आज सांगायचीच आहे, पण थेट नाही. एका हिंदी चित्रपटाच्या वाटेनं जाऊ. चित्रपटाचं नाव 'भावेश जोशी सुपरहिरो'. नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आमच्याही पडल्या होत्या. सत्तरी ओलांडल्यावर आता सुपरहिरो का, असा प्रश्न आम्हाला घरातूनच विचारला गेला.

झालं असं की मुलुंडच्या आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात शनिवारी रात्री हॉलमध्ये सिनेमा दाखवतात. तरुण मंडळींची हौस. भिंतीवर पांढरा पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे सतरंज्या, मध्यंतरात वडापाव. वीस-पंचवीस माणसं असतात. त्या रात्री हा चित्रपट लावला आणि संपल्यावर नेहमीप्रमाणे चहा घेत जो तो आपलं मत सांगू लागला. ती मतं आम्ही घरी येऊन वहीत लिहून ठेवली. चाळीस वर्षं शिकवताना लागलेली खोड. आजचं व्याख्यान त्या वहीवरच आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विक्रमादित्य मोटवाने यांचा हा चित्रपट १ जून २०१८ रोजी आला. 'उडान' आणि 'लुटेरा' याच दिग्दर्शकाचे. सुरुवात २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या दिवसांत होते. भावेश, सिकंदर ऊर्फ सिक्कू आणि रजत हे तीन मित्र. डोक्यावर कागदी पिशव्या चढवून, डोळ्यांना भोकं पाडून, ते 'इन्साफ' नावानं शहरातल्या किरकोळ बेशिस्तीच्या मागे लागतात आणि त्याची चित्रफीत लोकांना दाखवतात. पोरखेळच म्हणा. वर्षं जातात, नोकऱ्या लागतात. सिक्कूला कंपनी अमेरिकेला पाठवणार असते. पासपोर्टच्या पोलीस तपासणीसाठी तो पैसे देतो, आणि त्यावरून भावेशचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण होतं. इकडे भावेश एका वस्तीतल्या पाण्याच्या चोरीमागे लागलेला असतो. पाणी जातं कुठे, टँकर भरतात कुठून, कुणाच्या हुकमानं. तो एकटा पडतो आणि मारला जातो. मध्यंतराच्या आसपास. शीर्षकात ज्याचं नाव तो अर्ध्यातच गेला! मग सिक्कू मुखवटा चढवतो, मोटरसायकल घेतो, मारामारी शिकतो. शेवट सांगत नाही.

तिकीटबारीवर चित्रपट पडला. त्याच दिवशी 'वीरे दी वेडिंग' लागला होता, लोक तिकडे गेले. पुढे घरबसल्या पाहणाऱ्यांमध्ये या चित्रपटाला हळूहळू चाहते मिळाले आणि 'काळाच्या पुढचा' वगैरे विशेषणं लागली. हे 'काळाच्या पुढचा' आम्हाला कधीच कळलेलं नाही. पडलेल्या प्रत्येक गोष्टीला ते शोभतं.

आता वही उघडू. पहिलं मत तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त अभियंत्यांचं. ते म्हणाले, "पडदा जरा उजळ करा हो, काही दिसत नाही." प्रोजेक्टरचा दोष नव्हता, चित्रपटच रात्रीचा आहे. दुसरं मतही त्यांचंच: "मुंबईत असं काही होत नाही." तिसरं मत अनेकांचं: फार लांबला. अडीच तासांच्या वर आहे, हे खरंच. चौथं: नायकाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. हर्षवर्धन कपूरबद्दल ही तक्रार तेव्हाही सगळीकडे झाली होती. आमचं मत विचाराल तर, भावेश झालेला प्रियांशू पैन्यूली इतका जिवंत आहे की त्याच्या शेजारी कुणीही फिकट वाटावं. पाचवं मत एका बाईंचं: "सुपरहिरो म्हणता आणि मार खातो!" सहावं मत एका कॉलेजच्या मुलीचं, नेमकं उलटं: "मार खातो म्हणूनच आवडला." सातवं मत, हे तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं: "उगाच उदास वाटलं. घरी जाताना काहीतरी बरं वाटायला हवं ना?"

आठवं मत तात्यांचं होतं. त्याच्याकडे शेवटी येऊ.

प्रेक्षकांच्या मतांना हसायची आपल्याकडे पद्धत आहे. विद्वान हसतात, समीक्षक हसतात, दिग्दर्शक तर हसतातच. आम्हाला वाटतं, मत चुकीचं असलं तरी त्यामागची दुखरी जागा बहुतेक वेळा खरी असते. पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला आजाराचं नाव सांगता येत नाही, पण दुखतंय हे खोटं नसतं. तर ते "उगाच उदास वाटलं" घेऊ.

भरताच्या नाट्यशास्त्रात वीर आणि रौद्र हे दोन रस वेगळे ठेवलेत. वरून दोन्ही सारखे दिसतात: शस्त्रं, आरोळ्या, लढाई. पण वीराचा स्थायी भाव उत्साह आणि रौद्राचा क्रोध. वीर हा उत्तम प्रकृतीच्या माणसाचा, रौद्र राक्षस-दानवांचा आणि उद्धट माणसांचा. आणि गंमत पुढे आहे. भरत सांगतो की काही रस दुसऱ्या रसांना जन्म देतात. वीरातून निघतो अद्भुत. रौद्रातून निघतो करुण.

बघा, किती नेमकं बसतं. सुपरहिरो हा शब्द ऐकून माणूस हॉलमध्ये येतो तो वीर आणि अद्भुत यांच्यासाठी. 'क्रिश' आकाशात उडतो, पोरं टाळ्या वाजवतात. सूड ही मात्र रौद्राची वस्तू. क्रोध पेटला, जळायचं ते जळलं, की मागे उरतो करुण. महाभारतात याचं याहून मोठं उदाहरण नाही, असं सौप्तिक पर्व आहे. अश्वत्थाम्याला बापाच्या मृत्यूचा सूड हवा होता. मिळाला. झोपलेल्या धृष्टद्युम्नाला मारलं, द्रौपदीची पाच मुलं मारली. त्यानंतर त्याच्या वाट्याला काय आलं ते आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मराठीत भळभळती जखम म्हटलं की दुसरं कुणी आठवतच नाही.

म्हणजे ज्यांना उदास वाटलं त्यांनी चित्रपट बरोबर पाहिला. पाटीवर वीररस लिहिला होता, आत रौद्र वाढला, आणि जेवून उठताना करुणाची चव तोंडात राहिली. तक्रार केली तर पाटीबद्दल करावी.

हिंदी सिनेमानं ही अडचण पूर्वी फार हुशारीनं सोडवली होती. १९८८ चा 'शहेनशाह' आठवा. दिवसा लाचखाऊ, भेकड वाटणारा इन्स्पेक्टर, रात्री पोलादी हाताचा शहेनशाह. मुळाशी बापाच्या अपमानाचा आणि मृत्यूचा सूड. पण अमिताभ बच्चन पडद्यावर आला की क्रोधाचा उत्साह होऊन जातो. आवाजच तसा. आपल्याला शोक व्हायला वेळच मिळत नाही. मोटवाने ही सोय काढून घेतात. त्यांचा सिक्कू भिंतीवरून उडी मारतो तेव्हा त्याला लागतं. "मार खातो" म्हणून रागावलेल्या बाई आणि "मार खातो म्हणून आवडला" म्हणणारी मुलगी, दोघींनी एकच गोष्ट पाहिली. एकीला ती कबुली वाटली, दुसरीला फसवणूक. आम्ही मुलीच्या बाजूचे.

अभियंत्यांचं "असं काही होत नाही" याला मात्र शास्त्रात नाव आहे. अभिनवगुप्तानं रसास्वादातली सात विघ्नं सांगितली. त्यात पहिलंच विघ्न संभावनाविरह: हे घडूच शकत नाही असं प्रेक्षकाला वाटलं, की रसाचा दरवाजा बंद. आता मौज ऐका. अभियंत्यांना सिक्कूनं मोटरसायकलवरून केलेल्या कसरती खटकल्या नाहीत! तो पाठलाग त्यांना फार आवडला. त्यांना अशक्य वाटली ती पाण्याची चोरी. हे ऐकून तात्या हसले. तोंडावर हात ठेवून, पण हसले.

तात्या म्हणजे आमच्या सोसायटीचे पंप आणि टाक्या पाहणारे गृहस्थ. पूर्वी महापालिकेत चावीवाले होते. तुमच्यातल्या मुंबईबाहेरच्यांना सांगायला हवं: मुंबईत पाणी चोवीस तास नसतं, वस्तीवस्तीला वेळ ठरलेली असते, आणि रस्त्याखालचे व्हॉल्व्ह लांब दांड्याच्या चावीनं फिरवून ते पाणी सोडणारा माणूस म्हणजे चावीवाला. किती आटे फिरवायचे हे त्याच्या मनगटाला कळतं. तात्यांचं गाव शहापूर तालुक्यात. म्हणजे भातसा आणि तानसा जिथे आहेत तिथलं. मुंबईला सात तलावांतून रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं. त्यातलं सर्वांत मोठं देणं भातशाचं. तानसाचं धरण १८९२ चं, त्याची जलवाहिनी आमच्या मुलुंडातूनच पुढे जाते. संध्याकाळी फिरायला गेलं की दिसते. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक गावांत एप्रिल-मे मध्ये टँकर येतो. तात्यांच्या बहिणीचं गाव त्यातलंच एक.

तर तात्यांचं मत. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "सर, पहिला पोरगा पाणी बघत होता. दुसरा नुसतं मारणाऱ्याला बघतो."

आम्ही मान डोलावली आणि विषय बदलला. खरं सांगायचं तर मनात म्हटलं, चावीवाल्याला पाणीच दिसणार. सुताराला दरवाजे दिसतात तसं. सगळे थोडे हसलेही. तात्यांना पहाटे पावणेपाचला पंप लावायचा असतो, ते निघून गेले.

इथे ह्यूमची गोष्ट सांगतो. १७५७ च्या अभिरुचीवरच्या निबंधात त्यानं ती 'डॉन किहोते'मधून उचललीय. सांचो पांझाचे दोन नातलग दारू ओळखण्यात तरबेज. एका पिंपातली दारू त्यांना चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित लोखंडाची लागते. लोक दोघांना खूप हसले. पुढे पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघाली, चामड्याची वादी बांधलेली. ह्यूमचं म्हणणं असं की अभिरुची ही नुसती आवडनिवड नसते. वस्तूत खरोखर काही असतं आणि ते कुणाच्या तरी जिभेला लागतं. ही गोष्ट वर्गात आम्ही किती वेळा सांगितली असेल! आणि समोर लोखंडाची चव सांगणारा माणूस बसला होता, तोही चावीवाला, तर आम्ही हसणाऱ्यांत.

दुसऱ्या दिवशी आम्ही चित्रपट पुन्हा पाहिला. एकट्यानं, वही घेऊन. पिंप उपसून पाहावं म्हणून.

किल्ली सापडली. पूर्वार्धात चित्रपटाचा प्रश्न आहे: पाणी कुठे जातं? हा सार्वजनिक प्रश्न आहे. त्याला नळ लागतो, पाइप लागतो, माहिती लागते, अर्ज लागतात, कंटाळा लागतो. भावेश हे सगळं करतो. तो थोडा चक्रम आहे, बोलघेवडा आहे, त्याला ठोसा नीट मारता येत नाही. पण तो विचारत राहतो. उत्तरार्धात प्रश्न बदलतो: भावेशला कुणी मारलं? पाणी अजून आहे, पण मागे, नेपथ्यासारखं. आधी पाणी हा विषय होता, आता ते खलनायकाचा धंदा आहे. त्याच्या जागी जमिनीचा, वाळूचा, औषधांचा धंदा ठेवला तरी सूडकथेचं काही बिघडणार नाही. एखाद्या कथेत मध्यवर्ती वस्तू बदलता येते आणि कथा तशीच उभी राहते, तेव्हा ती वस्तू कथेतून आधीच निघून गेलेली असते.

सिक्कूच्या क्रोधाचं मूळही तपासा. त्याला मित्राच्या मृत्यूचं दुःख आहेच, पण त्याहून खोल त्याची स्वतःची शरम आहे. त्यानं पैसे दिले. भांडला. मित्राला एकटं सोडलं. म्हणजे तो जो सूड घेतो आहे, त्यातला मोठा हिस्सा स्वतःवरचा आहे. हे चित्रपटाला कळलेलं आहे, ही त्याची मोठी बाजू. पण शरम धुवायला निघालेला माणूस वस्तीतल्या नळाकडे बघत नाही. वस्तीही मग दिसेनाशी होते. ज्यांच्यासाठी भावेश मेला ती माणसं उत्तरार्धात किती वेळ पडद्यावर आहेत, हे आम्ही मोजायला बसलो आणि थोड्या वेळानं पेन खाली ठेवलं.

"फार लांबला" ही तक्रार मग वेगळी ऐकू येते. सूड हवा म्हणून आलेल्यांना पूर्वार्ध लांब वाटला, कारण त्यात पाणी होतं. पाण्यात गुंतलेल्यांना उत्तरार्ध लांब वाटला. तात्यांना वाटला असणार. दोन चित्रपट आहेत ते, आणि प्रत्येक प्रेक्षकाला त्यातला एक जास्तीचा आहे.

दिग्दर्शकाची बाजूही मांडायला हवी. मोटवाने उद्या समोर बसले तर म्हणतील: सर, हे असंच होतं. सार्वजनिक लढाई लढणारा मेला की मागे उरतात त्याचे मित्र आणि त्यांचा राग. प्रश्न मरतो, राग उरतो. हेच तर दाखवलंय. हे उत्तर वजनदार आहे. २०११ च्या आंदोलनाचं काय झालं हे आपण पाहिलं. राळेगणसिद्धीत अण्णांनी आधी पाणलोटाचं काम केलं होतं, दगडमातीचं, वर्षानुवर्षांचं; पण देशभर पेटला तो राग, बंधारे नव्हेत. म्हणजे चित्रपटाचा मधला सांधा खुद्द काळाचाच सांधा आहे, असं कुणी म्हटलं तर आम्ही वाद घालणार नाही. फक्त एक विचारू: मग तो सांधा चित्रपटाला खुपायला नको का? पाणी विसरलं गेलं हे दाखवणं वेगळं आणि स्वतःच विसरणं वेगळं. उत्तरार्धात कॅमेरा इतका रमलेला आहे मुखवट्यात, वेगात, दिव्यांच्या रेषांत, की आठवण करून द्यायला कुणी शिल्लक नाही.

या जागी 'डोंबिवली फास्ट' आठवल्यावाचून राहत नाही. निशिकांत कामत यांचा २००५ चा चित्रपट. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे, बँकेतला मध्यमवर्गीय, एके दिवशी क्रिकेटची बॅट घेऊन शहरावर निघतो. त्याला सुपरहिरो कुणी म्हणालं नाही, पण दोघांचं कुळ एकच. फरक असा की आपट्याला वैरी नाही. त्याचं कुणी मारलेलं नाही, त्याचा सूड नाही. त्याची बॅट जिथे चूक दिसते तिथेच पडते, म्हणून शेवटपर्यंत चूकच आपल्या डोळ्यांसमोर राहते, चूक करणारा नव्हे. तोही मरतो, तिथेही करुणच उरतो. पण डोंबिवलीच्या गाडीतून उतरलेल्या कुणी "उगाच उदास वाटलं" म्हटल्याचं आमच्या कानावर नाही. लोक गप्प होऊन घरी गेले होते. आम्हीही.

आणि योगायोग बघा: 'भावेश जोशी'मध्ये पाण्याच्या धंद्यामागचा राजकारणी, राणा, ज्यानं केला तो नट म्हणजे हेच निशिकांत कामत. आपटेला बॅट देणारा माणूस इथे टँकरच्या बाजूला. थंड, सभ्य, आवाज न चढवणारा खलनायक. ऑगस्ट २०२० मध्ये ते गेले, फार लवकर. ज्यांनी दोन्ही चित्रपट पाहिले नसतील त्यांनी याच क्रमानं पाहावेत, आधी 'डोंबिवली', मग हा.

एक कबुली राहिली. पहिल्या रात्री तो मोटरसायकलचा पाठलाग सुरू झाला तेव्हा आम्ही खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. अभियंत्यांइतकाच आनंद आम्हालाही झाला. त्या दहा-बारा मिनिटांत वस्ती, नळ, टँकर यांतलं काही आमच्या डोक्यात नव्हतं. चाळीस वर्षं आम्ही न्याय हा विषय शिकवला: प्लेटोपासून रॉल्सपर्यंत, वाटप म्हणजे काय, वाटा म्हणजे काय. आणि कुणाच्या वाट्याचं पाणी कुठे गेलं हा प्रश्न एका मोटरसायकलनं आमच्या डोक्यातून पुसून टाकला. सिक्कूला नावं ठेवणं सोपं आहे. तो निदान मित्रासाठी विसरला.

सोमवारी पंपाच्या खोलीपाशी तात्या भेटले. आम्ही सांगितलं, तात्या, पुन्हा पाहिला, तुमचं बरोबर होतं. त्यांना काय बरोबर होतं ते आठवेना. मग म्हणाले, "सर, त्यात एक चुकलंय पण. चावी फिरवल्यावर आवाज येतो आधी. हवेचा. मग पाणी येतं. त्यांनी आवाज नाही घेतला." आम्ही तेही वहीत लिहून घेतलं.

चला, प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतला हात मघापासून वर आहे.